‘कोण लागता तुम्ही पेशंटच्या?’

प्रति,
राज्यातले सर्व जिल्हा शल्यचिकित्सक
आणि महापालिका रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक यांस

स. न. वि. वि.

गेल्या हिवाळ्यात एका सरकारी रुग्णालयाच्या लेबर रूमबाहेर मी साडेसहा तास बसून होते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे कुणी गैर वागलं असं मला म्हणायचं नाही. दारावरच्या मामांनी नियम सांगितला, एवढंच.

आत होती आमच्या सोसायटीच्या वॉचमनची बायको. वय वीस, पहिलटकरीण. सासू गावाकडे अंथरुणाला खिळलेली आणि आई कोल्हापूरकडे ऊसतोडीला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण दिवाळीपासून हिचं माहेरच उसाच्या फडात होतं. डोहाळजेवण आम्ही सोसायटीतल्या बायकांनीच केलं. रात्री साडेनऊला कळा वाढल्या म्हणून रिक्षानं घेऊन आलो. केसपेपर झाला, तिनं दारात चपला काढल्या, मी तिच्या मागोमाग आत शिरणार तोच मामांनी हात आडवा केला.

“कोण लागता तुम्ही पेशंटच्या?”

“मावशी.”

“सख्खी?”

मला खोटं नीट बोलता येत नाही. मी अडखळले आणि दार लागलं. नवऱ्याला तर कुणी विचारलंही नाही, तो आपणहूनच जिन्यापाशी जाऊन उभा राहिला होता.

नंतर बाकावर बसल्या बसल्या डोक्यात आलं, की आत जी बाई फरशी पुसते, बेडपॅन देते, बाळ पुसून कापडात गुंडाळते, तिलाही सगळे मावशीच म्हणतात. मला अडवणारे गृहस्थ मामा. सरकारी दवाखान्यात सगळीच नाती मानलेली असतात. सख्खेपणाचा दाखला फक्त माझ्याकडे मागितला गेला.

तिची पाण्याची बाटली आणि केसांचं रबर माझ्याच पिशवीत राहिलं होतं. दाराबाहेर चपलांची रांग होती, त्यात तिची डावी चप्पल सेफ्टी पिन लावून जोडलेली. पहाटे चारपर्यंत मी ती पिन बघत होते. दार उघडलं की आतले आवाज यायचे, कुठला तिचा ते कळायचं नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. नॉर्मल, दोघी सुखरूप. कागद बघाल तर नाव ठेवायला जागा नाही. दुसऱ्या दिवशी वॉर्डात तिनं मला सांगितलं, “लई तहान लागली होती. पण सिस्टर तिकडच्या टेबलापाशी होत्या, त्या बाईचं रक्त थांबत नव्हतं. मग मी काही हाकच मारली नाही. म्हटलं, त्यांना कशाला तरास.”

त्या सिस्टरांनी जे केलं ते बरोबरच केलं. रक्त जाणारी बाई सोडून तहानलेल्या बाईकडे कुणी येऊ नये. माझं म्हणणं एवढंच, की तहानलेल्या बाईसाठी बाहेर एक माणूस बाटली घेऊन बसलं होतं आणि मध्ये दार होतं.

आता मी कोण ते सांगते. मी डूला आहे. बाळंतपणात बाईजवळ बसणं हे माझं काम आणि त्याचे मला पैसे मिळतात. त्याच आठवड्यात एका खासगी हॉस्पिटलात मी आयटीतल्या एका मुलीजवळ अकरा तास होते. तिथे नातं विचारलं नाही. एका फॉर्मवर सही घेतली, पायात घालायला स्लिपर दिल्या. म्हणजे ज्या बाईकडे आई, सासू, नवरा, फोन, इंग्रजी सगळं होतं, तिला मी मिळाले. जिच्याकडे फक्त मी होते, तिला मिळाले नाही.

डूलाला वैद्यकीय काम नसतं. मी तपासणी करत नाही, औषध देत नाही, सिझर करायचं की थांबायचं यावर तोंड उघडत नाही. कळ आली की कमरेच्या खाली, मणका संपतो तिथे तळहात घट्ट दाबून धरते. कळ ओसरली की दोन घोट पाणी. दर दोन तासांनी लघवीला ने-आण, कारण भरलेलं मूत्राशय बाळाच्या डोक्याची वाट अडवतं, आणि कळांच्या भरात बाईला त्याचं भान नसतं. चालवते, कुशीवर वळवते. दातावर दात धरले असतील तर जबडा सैल करायला सांगते. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय ते बघून डॉक्टर “पाच सेंटिमीटर” म्हणून निघून गेले की पाच म्हणजे किती आणि अजून काय बाकी आहे ते तिच्या भाषेत सांगते. आणि डोकं फार दुखतंय, डोळ्यापुढे अंधारी येतेय असं ती म्हणाली की धावत जाऊन सिस्टरांना गाठते. यातलं शेवटचं सोडलं तर तुमच्या वैद्यकशास्त्रात याला नाव नसेल. पण हे सगळं करायला एक माणूस लागतं, आणि ते मध्येच उठून जाणारं असून चालत नाही.

मागते आहे ते नवीन नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं फेब्रुवारी २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला माणूस ठेवायला परवानगी दिली. डिसेंबर २०१७ मध्ये लेबर रूम सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ कार्यक्रम आला, त्यातही ‘बर्थ कम्पॅनियन’, म्हणजे हेच सोबतीचं माणूस, आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत तिच्या पसंतीचं माणूस कळा सुरू झाल्यापासून शेवटपर्यंत जवळ असावं, असं स्पष्ट आहे. तमिळनाडूनं तर २००४ पासूनच सरकारी रुग्णालयांत हे सुरू केलं.

त्या २०१६ च्या परवानगीतल्या अटी पुन्हा एकदा वाचाव्यात ही विनंती. सोबतीण ही बाळंतिणीची नातेवाईक बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली. आडोशाची सोय असेल तिथे नवराही चालेल. संसर्गाचा आजार नसावा. कपडे स्वच्छ असावेत. शेवटपर्यंत थांबायची तयारी हवी. स्टाफच्या कामात ढवळाढवळ करायची नाही, दुसऱ्या बाईकडे जायचं नाही. सगळ्या अटी शहाणपणाच्या आहेत. माझं भांडण फक्त पहिलीशी, त्यातल्या ‘नातेवाईक’ या एका शब्दाशी आहे.

कारण सोबतीचा उपयोग होतो हे ज्या अभ्यासानं पहिल्यांदा जगासमोर आणलं, त्यातल्या सोबतिणी नातेवाईक नव्हत्याच. मार्शल क्लॉस आणि जॉन केनेल हे दोघे अमेरिकी बालरोगतज्ज्ञ. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ग्वाटेमालातल्या एका गजबजलेल्या रुग्णालयात हा प्रयोग केला. १९८० मध्ये तो छापून आला. तिथेही नातेवाइकांना आत मज्जाव होता. काही पहिलटकरणींजवळ त्यांनी एकेक साधी बाई बसवली. ती नर्स नव्हती, ओळखीची नव्हती. बाळंतीण दाखल झाल्यावरच दोघींची भेट. ती पाठ चोळायची, हात धरायची, बोलायची. दाखल झाल्यापासून बाळ होईपर्यंत एकट्या बायकांना सरासरी १९.३ तास लागले, सोबत असलेल्यांना ८.८. गट लहान होते, वीस-वीस बायकांचे, म्हणून या आकड्यावर मी फार उड्या मारत नाही.

पण १९९१ मध्ये ह्यूस्टनचा अभ्यास आला तो मोठा होता, सहाशेहून जास्त पहिलटकरणी. त्यातली एक गोष्ट मला सगळ्यात आवडते. एका गटाला डूला होती, एका गटाला नेहमीची व्यवस्था, आणि तिसऱ्या गटाच्या खोलीत एक बाई नुसती वही घेऊन नोंदी करत बसली होती. ती बोलली नाही, तिनं हात लावला नाही. सिझरचं प्रमाण नेहमीच्या गटात १८ टक्के, डूलाच्या गटात ८. आणि त्या गप्प वहीवालीच्या गटात १३. नुसतं कुणीतरी खोलीत बसलंय आणि उठून जात नाही, याचाही काही उपयोग होत असावा.

पुढे असे अभ्यास बरेच झाले. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या २०१७ च्या आढाव्यात १७ देशांतले २६ अभ्यास आणि १५,८५८ बायकांची माहिती एकत्र केली आहे. अखंड सोबत असेल तर सिझरची शक्यता सुमारे पाव हिश्श्यानं कमी, कळांचा काळ सरासरी चाळीस मिनिटांनी कमी, वेदनाशामकं कमी, बाळंतपणाबद्दल कडवट आठवण कमी, आणि जन्मल्यावर पाचव्या मिनिटाला मलूल असणारी बाळं कमी. तोटा काही आढळला नाही. आढावा लिहिणाऱ्यांनी पुराव्याच्या दर्जाबद्दल हात राखूनच लिहिलंय, ते मी लपवत नाही. मात्र सिझर कमी होण्याचा फायदा डूलासारख्या, म्हणजे स्टाफमधल्याही नसलेल्या आणि घरच्याही नसलेल्या बाईच्या सोबतीनं सर्वांत ठळक दिसला, हेही त्यातच आहे.

तुम्ही म्हणाल, सिझरचा प्रश्न खासगीवाल्यांचा आहे. खरं आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के प्रसूती सिझरनं झाल्या, सरकारीत १४.३ टक्के. म्हणजे तुमच्याकडे बहुतेक बायका पूर्ण कळा सोसून, जाग्या, शुद्धीवर बाळंत होतात. मग सोबतीची गरज कुठे जास्त?

यात जादू काही नाही. आपल्या आज्या म्हणायच्या, “परकं माणूस आत आलं आणि कळा जिरल्या.” कळा आणणारं संप्रेरक ऑक्सिटोसिन. भ्यायलेल्या शरीरात अॅड्रेनलिन वाढतं आणि कळा मंदावू शकतात. अंधारात, ओळखीच्या वासात, ओळखीच्या हाताखाली बाई सैलावते. झगझगीत ट्यूबलाइटखाली, शेजारच्या टेबलावरचं किंचाळणं ऐकत, पाय वर बांधून ती कशी सैलावेल? मग कळा मंद पडल्या म्हणून सलाइनमधून ऑक्सिटोसिन सुरू होतं. कधी ते लागतंच. कधी हात धरायला माणूस असतं तर लागलं नसतं, असं मला माझ्या कामात वाटत आलंय.

जुन्या काळाचे गोडवे मी गात नाही. माझ्या आजीच्या नऊ बाळंतपणांतली पाच मुलं जगली. महाराष्ट्रात २००४-०६ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या, २०१८-२० मध्ये ३३. यात दवाखान्यातल्या बाळंतपणांचा, रक्तपेढ्यांचा, १०८ च्या गाड्यांचा आणि तुमच्या स्टाफच्या रात्रपाळ्यांचा वाटा मोठा आहे. ते घालवून पुन्हा शेणानं सारवलेल्या खोलीत जा, असं कुणी म्हणू नये.

पण आजी सांगायची, की बाळंतपणाला दोन बायका लागायच्या. पुढे सुईण, आणि पाठीमागून काखेत हात घालून धरणारी एक. पुढची बाळ घ्यायची, मागची बाळंतिणीला. सुईणीचं काम तुम्ही घेतलंत ते उत्तम झालं. मागच्या बाईचं काम मात्र कुणीच घेतलं नाही, ते दाराबाहेर चपलांच्या रांगेत राहिलं.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं समजू नका. दोन सिस्टर, सहा टेबलं, त्यात प्रत्येकीबरोबर एक नातेवाईक म्हटलं की डोळ्यापुढे एसटी स्टँड उभा राहतो. मोबाइलवर शूटिंग करणारे दीर, “आमच्या पेशंटला काही झालं तर” अशा सुरात बोलणारे भाऊ. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी राज्याला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला, तो काही हौसेनं नाही. पण माझा अनुभव असा, की दंगा करतो तो बाहेर आठ तास काही न कळता उभा राहिलेला माणूस. आतून बाहेर येऊन “डॉक्टर दोनदा बघून गेले, बाळाचे ठोके चांगले आहेत” एवढं सांगणारी घरची-दारची एक बाई असेल तर निम्मा वाद तिथेच मिटतो. फोन बाहेर ठेवून घ्या. गाऊन-टोपी द्या. दुसऱ्या बाईची लाज राखायची तर प्रत्येक टेबलाला पडदा हवा, आणि तो सोबतीण नसली तरी हवाच आहे.

डॉक्टरांची आणखी एक तक्रार असते ती थेट आमच्याबद्दल, आणि ती खोटी नाही. ‘नॅचरल’ या शब्दाचं वेड लागलेल्या काही जणी आमच्यात आहेत. सिझर झालं की बाईला आपण हरलो असं वाटावं, असं त्या बोलतात. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका बाईला हळूच म्हटलं होतं, “इंजेक्शन थोडं थांबवून बघूया का?” शेजारी उभ्या सिस्टरांनी ऐकलं. त्यांनी मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं, “बाई, हात धरायचा तर हात धरा. इंजेक्शन माझ्याकडे राहू द्या.” कान लाल झाले, पण ते वाक्य मी आता नव्या मुलींना शिकवताना जसंच्या तसं सांगते. आमच्या कामाला आपल्याकडे सरकारी परवाना नाही, नोंदणी नाही. म्हणूनच सरसकट आम्हाला दार उघडा असं मी म्हणत नाही. शहरातल्या डूलांनी सरकारी रुग्णालयं भरून जातील इतक्या आम्ही नाहीच, आणि आमची फी तुमच्या बाळंतिणींना परवडणारीही नाही.

मागणं साधं आहे. दारावर विचारायचा प्रश्न बदला. “कोण लागता?” ऐवजी आतल्या बाईला विचारा, “तुझ्याजवळ कुणाला बसवू?” ती आई म्हणेल, जाऊ म्हणेल, शेजारीण म्हणेल. कुणीच नको म्हणाली तर तेही ऐका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये पार्टोग्राफच्या, म्हणजे कळांची प्रगती नोंदवायच्या जुन्या तक्त्याच्या, जागी ‘लेबर केअर गाइड’ नावाचा तक्ता आणला. त्यात आधाराच्या भागात पहिलाच रकाना सोबतीचा आहे : सोबत आहे, नाही, की बाईनं स्वतः नको म्हटलं. औषध आणि पाण्याच्याही आधी. दर ठरावीक वेळानं तो भरायचा असतो. तुमच्याकडे तो तक्ता आला असेल तर त्या रकान्यात काय भरलं जातं ते महिन्यातून एकदा स्वतः उघडून बघा.

दुसरं म्हणजे प्रत्येक टेबलाशी, डोक्याच्या बाजूला एक स्टूल. डोक्याच्याच बाजूला, म्हणजे पुढे काम करणाऱ्यांच्या पायात ते येणार नाही. हसू येईल, पण परवानगी असलेल्या ठिकाणीसुद्धा मी बायकांना सहा-सहा तास भिंतीला टेकून उभं राहिलेलं पाहिलंय. बसायला जागा नसली की स्टाफला ती मध्ये-मध्ये करते असं वाटतं, आणि मग “जरा बाहेर थांबा” होतं. बाहेर थांबलेली बाई पुन्हा आत येत नाही.

आणि जिला कुणीच नाही तिचं काय? ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला एक ‘कोयता’ म्हणतात. उचल घेतलेली असते, मुकादम एका कोयत्यामागे तिसरं माणूस देत नाही. कळा लागल्या की परजिल्ह्यातल्या दवाखान्यात ती नवऱ्याबरोबर येते, आणि नवरा पुरुष म्हणून बाहेर. वीटभट्टीवर, बांधकामावर, मुंबईच्या झोपडपट्टीत भाड्यानं राहणाऱ्यांत हेच. अशांसाठी प्रत्येक मोठ्या रुग्णालयानं दहा-बारा स्थानिक बायका तयार कराव्यात. बचत गटातल्या चालतील, निवृत्त आया चालतील, अनुभवी सुईणी तर उत्तमच. हात धुणं, कुठे थांबायचं, काय बघितलं की सिस्टरांना हाक मारायची, काय बोलायचं नाही, हे शिकवायला थोडे दिवस पुरतात. पण त्यांना पाळीचे पैसे द्या. सेवाभावाच्या नावाखाली बाईकडून फुकट काम करून घ्यायची आपली सवय इथे नको. आशाताईंच्या गळ्यात हे फुकट बांधू नका, एवढ्यासाठीही सांगते. जननी सुरक्षा योजनेत बाळंतिणीला दवाखान्यात आणून तिला घरी सोडेपर्यंत थांबायचं काम त्यांना आहेच. लेबर रूमच्या दारात मात्र त्याही माझ्यासारख्याच चपला मोजत बसतात.

आदिवासी भागात शासनानं ‘माहेरघर’ काढलं, दिवस भरत आले की बाईनं आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावं म्हणून. नाव ठेवणाऱ्याला या गोष्टीतलं मर्म नक्की कळलेलं होतं. ते माहेर आवारापर्यंत आलंय, अजून पंधरा पावलं आत आणायचं आहे.

त्या मुलीची आई कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, पाडव्याच्या सुमाराला नात बघायला आली. हाताला उसाच्या पाचटानं कापल्याच्या रेघा तशाच होत्या. नातीसाठी अंगडं-टोपडं आणि माझ्यासाठी दोन किलो गुळाची ढेप आणली होती. जाताना दारात थांबून तिनं विचारलं, “ताई, तवा तुमी हुता न्हवं तिच्यापाशी?”

त्या वेळी मात्र मला खोटं नीट बोलता आलं.

आपली,
पुण्यातली एक डूला